फट ठेव, फट बुजव

सूरच्या खाडीवर, जिथे अजून लाकडी गलबतं बांधतात,
उस्ताद खलफान सकाळी म्हणाला, फट ठेव.
लाकूड पाणी पिऊन फुगतं, जागा नसली तर तडकतं.
दुपारी तोच उस्ताद, त्याच फळीवर बोट ठेवून:
फट बुजव. समुद्र चोर आहे.
माशाच्या तेलात बुडवलेला कापूस घेऊन
मी उभा. विश्राम मेस्त्री, मुक्काम पोस्ट आचरे,
अनुभव अकरा वर्षं.

खिशात कागद: आणखी दोन वर्षं, सही इथे करा.

रात्री इंदुआत्याला फोन लावला.
तिचा जन्म गेला पोरांकडून म्हणी पुऱ्या करून घेण्यात,
गाळलेल्या जागा भरा.
"हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये," म्हणाली.
हातचं कुठलं, आत्या? हा पगार,
की नववीत गेलेली पोर?
"दुरून डोंगर साजरे."
तेही खरं. तिथे होतो तेव्हा हा साजरा होता,
आता तो.

"निघालो तेव्हा म्हणालीस, बसून खाल्लं तर
कुबेराचंही धन पुरत नाही."
"म्हणाले होते."
"आणि आता, अति तिथे माती."
"म्हणते."
"मग खरं काय?"
पलीकडे तिचा पंखा करकरला.
"मेल्या, म्हणी औषधासारख्या.
तापावर एक, हगवणीवर दुसरी.
सगळ्या एकदम गिळल्यास तर मरशील."
"पण मला झालंय काय?"
"ते तू सांगायचं. मी वैद्य नाही,
नुसतं दुकान."

सकाळी उस्तादला धरलं. ठेवू, की बुजवू?
हा माणूस सोमवारी म्हणतो घाई सैतानाची,
आणि मंगळवारी, चांगल्या कामाला ताटकळत ठेवू नये.
तो हसला. कापसाची वात वळली,
अंगठ्याने फटीत दाबली, पार घट्ट नाही.
एवढंच, म्हणाला. उरलेलं पाणी करील.
आणि पाण्याने नाही केलं तर?
तर बादली आहे.

जेवणाच्या सुट्टीत सावलीत बसून कागद उघडला.
ठिपक्यांची ओळ, बोटभर,
शाळेत आत्या फळ्यावर काढायची तशीच.
पेन नव्हतं. बोटांचं तेल मात्र लागलं,
आणि तिथे कागद काचेसारखा झाला:
मागच्या बाजूची अक्षरं दिसतायत आता,
सगळी उलटी.