शेवटचा आकडा

माझ्या नंबरच्या शेवटी एक,
त्यांच्या नंबरच्या शेवटी सात.
घाईत खरडलं तर दोन्ही सारखेच दिसतात.
म्हणून अकरा हिवाळे
रात्री-अपरात्री माझाच फोन वाजतो.

मी भट्ट्या बांधतो, बिर्झाय गावात,
घरभर ऊब फिरवणाऱ्या, विटांच्या.
दिवसा लोक विचारतात, धूर उलटा का येतो?
रात्री कुणी काही विचारत नाही.
रात्री नुसता श्वास.

पहिल्यांदा मी ओरडलो होतो, कोण आहे?
एक बाई म्हणाली, माफ करा,
जणू जन्माला आल्याबद्दलच माफी मागत होती,
आणि फोन ठेवला.
ती कोण, पुढं काय झालं,
मला माहीत नाही.
अजून नाही.

बायको होती तेव्हा म्हणायची, नंबर बदलून घे,
फुकट बदलून देतात.
मी म्हणायचो, घेतो.
आणि भट्टीच्या दारावर खडूनं त्यांचा नंबर लिहून ठेवला,
सातच्या पोटातून आडवी रेघ मारून.

आमच्याकडे जमीन खचते.
खाली जिप्सम, पाण्यात विरघळत राहणारं;
वर बटाटे, सफरचंदाची झाडं, सगळं जागच्या जागी,
आणि एका सकाळी अंगणात विहिरीएवढा खड्डा.
लोक म्हणतात, काल तर ठीक होतं.
माझ्या भावाबद्दलही हेच म्हणाले.
ब्रोन्युस. काल तर ठीक होता.
आदल्या रविवारी माझ्यासोबत विटा उतरवल्या त्यानं,
दोनशे चाळीस.
मी विटा मोजल्या.

आता मी विचारतो. सरळ.
पहिल्या खेपेला शब्द काढताना जीभ भाजली:
मरावंसं वाटतंय का?
शांतता. मग एका पोराचा आवाज, हो.
मग म्हणाला, हे विचारणारे तुम्ही पहिलेच.
पानेवेझिसला, बहिणीच्या स्वयंपाकघरात,
दिवा न लावता बसला होता.
म्हटलं, बाळा, मी ते नव्हे. मी भट्टीवाला.
तो हसला, खरंच, नाकातून,
आणि मग जो रडायला लागला
ते मी एक अख्खा ओंडका जळेपर्यंत ऐकलं.

मला उपदेश येत नाही.
जग सुंदर आहे वगैरे रात्री तीनला खोटं वाटतं,
फेब्रुवारीत तर दिवसासुद्धा.
मी विचारतो, जेवलास का.
घरात दुसरं कोण आहे. कुणाला उठवता येईल.
त्यानं मलाच विचारलं,
पार विझलेली भट्टी पेटवता कशी?
म्हटलं, गार धुराडं धूर घेत नाही,
तोंडावर फेकतं.
तेव्हा लाकडं कोंबायची नाहीत.
वर्तमानपत्राचा एक बोळा पेटवायचा, तेवढाच.
आतली हवा जराशी तापली
की ते आपणहून वर ओढू लागतं.
हे माझ्याबद्दल बोलताय का, तो म्हणाला.
नाही रे, भट्टीबद्दल.
मग माझं मलाच कळेना.

साडेचारला त्यानं बहिणीचं दार वाजवलं.
मला इथं ऐकू आलं: टकटक, बिजागरीची करकर,
झोपेतला आवाज, काय रे, काय झालं?
तिला मी खरा नंबर सांगितला.
तिथं शिकलेली माणसं आहेत, म्हटलं, माझ्याहून बरी.
शेवटी सात. लिहून घे.
रेघ मार आडवी.

नंतर त्याचा फोन नाही.
चांगलंच म्हणायचं. म्हणतो मी तसं.

आज परत वाजतोय. दोन अठ्ठेचाळीस.
हाताला काजळी, चष्मा सापडत नाही.
उचलतो. श्वास.
बाईचा की पुरुषाचा, श्वासावरून कळत नाही.
बोला, म्हणतो मी.
नंबर चुकलाय,
पण मी जागा आहे.