एकच लांब कागद

नोव्हेंबरात कार्दल्यात साडेतीनलाच दिवे लागतात.
एन्देलच्या स्वयंपाकघरात टेबलावर कॉम्प्युटर,
शेजारी खारवलेल्या हेरिंगचा डबा,
आणि तो खुर्ची असून उभा.
"केर्तू, गेली," म्हणाला. "अकरा वर्षांची. सगळी."

स्क्रीनवर हिरवी बरोबरची खूण :
तुमचा कॉम्प्युटर आता सुरक्षित आहे.

मी बूट काढले, मोजे शेगडीजवळ ठेवले, बसले.
त्याला सांगितलं तेच तुम्हालाही सांगते.
हे ईमेलचं सॉफ्टवेअर पत्रं सुटी ठेवत नाही,
एकाखाली एक चिकटवत जातं.
एकच लांब कागद,
सगळ्याला मिळून नाव एकच : इनबॉक्स.
त्यात कुठल्या एका पत्राच्या खिशात विषाची पुडी निघाली
तर अँटीव्हायरस ते पत्र उचलत नाही,
पत्र म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नसतं.
अख्खी गुंडाळी बखोटीला मारून
कोठडीत टाकतो,
आणि वर हिरवी खूण करतो.
सुक्याबरोबर ओलंही.

एन्देल हसला, दात नसलेल्या बाजूने.
"पूर्वी तालिनमध्ये एक जण बसायचा.
गोथेनबर्गहून वांबोलाचं पत्र आलं की वाफेवर उघडायचा,
दोन ओळींवर काळी शाई फिरवून पुढे धाडायचा.
पण मेला वाचायचा तरी."

चव्वेचाळीस साली होडीत एकाच पोराला जागा होती.
एवढंच तो बोलतो त्याबद्दल.

कोठडी उघडली. होती.
तीस दिवसांनी आपोआप पुसतात,
आजचा सव्विसावा.
"इतके दिवस गप्प का बसलात?"
"वाटलं, मीच काहीतरी दाबलं."

मग आधी राखणदाराला बजावलं :
अपवादांच्या यादीत त्या फोल्डरचा पत्ता
अक्षर न् अक्षर लिहिला, तिरक्या रेघांसकट.
दारात उभा राहा, येणाऱ्याच्या पिशव्या बघ,
पण आतल्या पेटीला हात लावायचा नाही.
गुंडाळी जागेवर ठेवली.
एक प्रत पेन ड्राइव्हवर; ती त्याने साखरेच्या डब्यात टाकली,
मी काही बोलले नाही.
आणि शिवण उसवावी तसा तो कागद उसवला,
प्रत्येक पत्राची स्वतःची फाईल.
दोन हजार तीनशे सोळा.
आता गेलंच तर एक जाईल.

चहा झाला. पुडीवालं पत्र सापडलं.
पाठवणारा : वांबोला.
तारीख : एकोणीस एप्रिल.

वांबोला मार्चमध्ये गेला.
मला माहीत आहे, त्या आठवड्यात
दुकानातून ब्रेड मीच आणून दिला होता.

"आदरणीय महोदय, थकीत बिल सोबत जोडले आहे.
त्वरित उघडावे."

"आदरणीय!" एन्देल म्हणाला.
"जन्मात 'ए गाढवा' सोडून दुसरी सुरुवात केली नाही त्याने."
"मग तुम्हाला कळलं होतं."
"कळलं होतं."
"तरी उघडलंत?"

त्याने हेरिंगच्या डब्याचं झाकण लावलं,
काढलं, पुन्हा लावलं.

माझं बोट डिलीटवर.
शेगडीत लाकूड तडकलं.
"केर्तू, पुडी तेवढी काढता येते का?"

येते.
उजवं क्लिक, जोडपत्र काढून टाका, होय.
पत्राच्या तळाशी राखाडी अक्षरांत एक ओळ उमटली :
जोडपत्र हटवले, १६:४०.
वर वांबोलाचं नाव तसंच,
आणि त्वरित उघडावे.

तेव्हा कुठे तो खुर्चीत बसला.
चष्मा पुसला, लावला,
ओठ हलवत सगळं पुन्हा एकदा वाचलं.

"शुद्धलेखन मात्र," म्हणाला,
"त्याच्यापेक्षा बरं आहे."