च्याऐवजी

कायानीच्या बालसल्ला केंद्रातला फॉर्म. तीन चौकटी:
संपूर्ण. अंशतः. नाही.
"घरी नेऊन निवांत भर," मेर्वी नर्स म्हणते
आणि आवाज खाली आणून विचारते,
"लिसामाइतो देतेस ना थोडं?"

लिसामाइतो, जोडीचं दूध,
जसा ताटात जोडीला एखादा बटाटा.
इस्पितळात हा शब्द लोकरी मोजे घालून फिरतो.
दुकानात मात्र, लंगोटांशेजारच्या फळीवर,
खोक्यावर छापलेलं त्याचं कागदोपत्री नाव:
आईच्या दुधाच्याऐवजी.
संध्याकाळी घाईत वाचते मी,
'दुधाच्या' तेवढं सुटून जातं.

वडिलांची मावशी हिल्या, नव्वदीला टेकलेली,
बाटली हलवणारा माझा हात बघत बसते.
"काय आहे त्यात?"
"कोर्विके," मी म्हणते, चोरी पकडल्यासारखी.
"असं? आम्हीही कोर्विकेच प्यायचो."
तिच्या डोळ्यांपुढे कॉफी असते,
युद्धातली, कॉफीच्याऐवजीची,
भाजलेल्या जवाची, चिकोरीच्या मुळ्यांची.
"त्या डब्याला आई कुलूप लावायची,
ऐवज असल्यासारखं."
मग बराच वेळ काही नाही.
"घाण लागायची. पण गरम असायची."

फॉर्म तिच्यापुढे पडलेला.
ती भिंग सरकवत मथळा वाचते,
काचेत मावतील तेवढीच अक्षरं:
रिंतामा
आणि हात थांबतो.
रिंतामा म्हणजे आघाडी,
जिथून तिचे वडील लाकडी पेटीतून घरी आले.
"तुला कुठे पाठवतायत?"

"पुढे वाच, मावशी."
भिंग पुढे जातं. इतो.
इतो म्हणजे कोंब.
रिंतामाइतो. अंगावरचं दूध, बस, एवढंच,
पण भलत्या जागी तोडलं
तर आघाडीवर उगवलेला कोंब.
ती हसते, खोकते, पुन्हा हसते.
तीन वाजताच अंधारलंय.
पोरगं डावीकडे नऊ मिनिटं लढून
आता बाटलीवर डोळे मिटतंय,
हनुवटीवरून एक ओघळ, कुठल्या दुधाचा कोण जाणे.

हिल्या पेन मागून घेते.
तिन्ही चौकटी तशाच कोऱ्या ठेवून
कडेच्या मोकळ्या जागेत लिहिते,
शाळेत शिकवलेल्या तिरप्या वळणाने:
गरम आहे.

मेर्वी हे संगणकात कुठे भरणार,
मला माहीत नाही.