बंपरच्या आड

रेवनाथ वाढईच्या जीपला विंच बसला त्या दिवशी
सिंदेवाहीच्या अर्ध्या चौकाने तो हात लावून पाहिला.
पिवळा ड्रम, चकचकीत हूक, पोलादी दोराची गुंडाळी.
कोणी म्हणालं, हत्ती ओढल गा हे.
मग जीप माझ्या शेडमध्ये आली
आणि मी आधी खाली पोतं टाकून पाठीवर झोपले,
तार कुठून नेली आहे ते पाहायला.

बसवणाऱ्याने पत्र्याला ड्रिलने होल पाडलं होतं
आणि अंगठ्याएवढी लाल केबल त्यातून ओढून घेतली होती.
उघडीच.
काठाला अजून पत्र्याची कुसळं.

मी बोट फिरवलं. रक्त आलं.
"पाय," मी त्याला दाखवलं,
"माझ्या बोटाले एक चक्कर पुरली.
तारेले रोज नवरगावचा रस्ता हाये."
तो हसला.
"तार का वजन उचलते काय, ताई? वजन तं दोर उचलते."

हेच वाटतं सगळ्यांना.
चंद्रपूरला आयटीआयमध्ये डोंगरवार सर
फळाभर अँपिअर लिहून झाल्यावर खडू ठेवायचे
आणि हात झटकत म्हणायचे,
तार भाराने क्वचित मरते, पोरींनो,
घासून घासून मरते.
पोरी आम्ही दोघीच होतो.

गोल कानशीने काठ मऊ केला.
जुन्या चपलेच्या टाचेतून रबराचं कडं कापलं, होलमध्ये बसवलं.
बंद पडलेल्या राईस मिलचा आगीचा पाइप होता माझ्याकडे,
कॅनव्हासचा, भंगारात साठ रुपयांना घेतलेला.
जन्मात त्याने एकही आग विझवली नव्हती.
तो केबलवर चढवला, बॅटरीपासून विंचपर्यंत.

सायलेन्सरपासून वीतभर लांब.
कपडे वाळत घालायच्या तारेसारखी ताणली नाही,
गाडीचं अंग हलतं, इंजिन थरथरतं,
म्हणून दाव्यासारखी थोडी सैल सोडली,
बसता यावं, उठता यावं.
निगेटिव्ह थेट बॅटरीला,
पत्र्याच्या भरवशावर नाही.
आणि मधे एक स्विच, लाल चावीचा.
"काम झालं का चावी काढायची. खिशात ठेव, बायकोपाशी दे,
पण काढ."

उंदरांवर मात्र इलाज नाही माझ्याकडे.
धानाच्या दिवसांत ते बोनेटखाली ऊब शोधत येतात.
दर शनिवारी उघडून पाहत जा, एवढंच सांगितलं.

"दिसून तं काईच नाई रायलं," तो म्हणाला,
"चौदाशे कायचे?"
न दिसण्याचेच, म्हटलं.
बाराशे दिले.

नोव्हेंबरात गडबोरीच्या बांधीत
पंजाबहून आलेलं हार्वेस्टर पोटापर्यंत फसलं.
रात्रीचे दहा. अर्धं गाव धुऱ्यावर, हातात मोबाईल,
सगळे उजेड दोरावर.
दोर ताठ झाला, जीप पुढून दबली,
विंच गुरगुरला, थांबला, पुन्हा गुरगुरला.
मी त्या सगळ्यांकडे पाठ करून
बंपरच्या आड हात घातला होता.
कॅनव्हास कोमट लागला,
चुलीवरून उतरवून घटकाभर ठेवलेल्या दुधाच्या गंजासारखा.
कोमट. गरम नाही.
हात तसाच ठेवला.

हार्वेस्टर निघालं तेव्हा शिट्ट्या वाजल्या.
बलकार नावाच्या ड्रायव्हरने रेवनाथला उचलूनच घेतलं,
हुकाचे फोटो निघाले.
माझ्या कोपरापर्यंत चिखल होता.
कोणीतरी चहा दिला, साखर जास्त झालेला.

सकाळी सहाला फोन.
"ताई, घोटाळा झाला. ते लाल चावी
पँटीसंग धुतली गेली."
धुऊ दे, म्हटलं. जीप?
"अंगणात उभी हाये. तिले काय झालं?"
काही नाही,
मी म्हटलं आणि कूस बदलली.