दोन शिट्ट्या

रक्त मीच काढलं.
दंडाला रबरी पट्टा मीच आवळला,
तेव्हा अण्णा म्हणाले, "हळू गं, गँगमनचं रगत हाय."
संध्याकाळी मशीननं कागद बाहेर सोडला.
एलडीएल एकशे शहाण्णव.
दिवसाला चाळीस लोकांचे आकडे पाहते मी
पूर्णेच्या या लॅबमध्ये,
कधी कुणाचा घरी घेऊन गेले नव्हते.

आमच्याकडे रविवार म्हणजे खिमा.
मोठ्याचा, म्हशीचा.
बाजूला नवं बिऱ्हाड आलं की
आई त्याला मटण म्हणायची, दार लोटून घ्यायची
आणि अण्णा उठून मुद्दाम खिडकी उघडायचे.
"हप्ताभर रूळ उचललेत. वास येऊ दे."
गार झालेल्या भगुण्यावर चरबीचा पांढरा थर जमायचा,
तो आम्ही भावंडं बोटानं खरवडून
शिळ्या भाकरीला लावायचो.
त्याच थराचं आता माझ्याकडे इंग्रजी नाव आहे.

शनिवारी ख्वाजा कुरेशीच्या दुकानासमोरून
ओढणी सारखी करत गेले, त्यांच्याकडे न बघता.
पुढच्या गल्लीतल्या पोरानं कोंबडी मशीनमध्ये घातली.
फिका, गुलाबी खिमा,
लेकराच्या हिरड्यांसारखा.

तो तेलात पडला तर तेल काही बोललंच नाही.
तळाला मात्र चिकटला.
मी चुक्याची जुडी चिरून टाकली,
करडईचं तेल एक पळी, मग भीत भीत अर्धी,
येसर नेहमीपेक्षा जास्त,
काळं तिखट डोळ्यांत जाईपर्यंत.
आई ओट्याला टेकून बघत होती.
म्हणाली, "नवऱ्याला फसवायचं मला जमलं नाही चाळीस वर्षं.
तू बघ बापाला जमतंय का."

कुकरनं दोन शिट्ट्या दिल्या. मी गॅस बंद केला.

बाहेरून आवाज आला,
"सहाची गाडी आज दोनातच कामून आली?"

कोण मोजतं शिट्ट्या?
ज्यानं छत्तीस वर्षं लोखंडाला कान लावून
येणारं ओळखलं, तो मोजतो.

जेवायला बसलो. अण्णांनी भाकर मोडली,
घास घेतला, आणि चावण्यासारखं काही नसताना
खूप वेळ चावला.
भाची अनोमानं ताट पुढं केलं, "आत्या, अजून."
तिला काय, तिचे दुधाचे दात पडतायत.
अण्णा म्हणाले, "हे चावायच्या आधीच हो म्हणतंय.
मोठ्याचं जरा भांडायचं."
मग पाणी प्याले.
मग, माझ्याकडे न बघता, "किती आला?"
मी आकडा सांगितला.
"म्हंजी स्पीड जास्त हाय," म्हणाले,
आणि कांदा मागितला.

बुधवारी बाजारात ख्वाजामियांनीच हाक मारली.
"क्या हुआ कांबळेसाब, नाराजी है क्या?"
अण्णांनी मला बोट दाखवलं,
जसं काही मीच तो आजार.
रिपोर्ट आलाय म्हणाले.
ख्वाजामियांनी सुरा पुसला, ठोकळ्यामागून
स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं.
आत दोडक्याची भाजी आणि उकडलेली कोंबडी.
"हम को भी आया है. बीवी तौल के देती है."
दोघं म्हातारे लटकत्या मांसाखाली
इतके हसले की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं,
आणि अर्धा किलोचं गिऱ्हाईक ताटकळत राहिलं.

तीन महिन्यांनी पुन्हा सुई.
आकडा उतरला. थोडाच.
मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला,
आईला मात्र जास्त उतरला म्हणून सांगितलं.

रविवारी आता दोन शिट्ट्या.
वास फार लांब जात नाही,
शेजारच्या बाईंनी परवा तर विचारलं, वरण का?
अण्णा तरी उठतात,
गुडघ्यावर हात ठेवून,
आणि खिडकी उघडतात.