दहा ठोके

रामबागेच्या नाक्यावर, रविवारी,
पोह्यांवर शेव पडायच्या आत वाद पेटतो.
निहार खासगीवाले मोबाइल उभा धरतो:
"हे बघा, हे तुमचे दिग्गज.
हात कमरेशी, हनुवटी ताटात वाढल्यासारखी पुढे,
पाय जणू चिखलात.
आजचा कुठलाही पोरगा दुसऱ्या राउंडला झोपवेल.
नुसते ओव्हररेटेड, भिया."

शेजवलकरांचा हात जिरावनच्या डबीवर थांबतो.
"पंधरा-पंधरा राउंड खेळायचे, लेका.
ग्लोव्ह्जमध्ये घोड्याचे केस. आठव्या राउंडला केस सरकले
की नुसतं कातडं आणि हाड."
"मग ते चित्रात का दिसत नाही?"
"चित्रात वास येतो का?"

असं तासभर.
अमेरिकेतल्या मेलेल्या माणसांची
वजनं, उंच्या, हातांच्या लांब्या
इंदूरच्या फुटपाथवर मोजल्या जातात.
कोणी म्हणतं, बडा घर पोकळ वासा.
कोणी म्हणतं, जा, आधी एक ठोसा खाऊन ये.
मी जिलबी मोडतो.

मग शेजवलकर हुकमाचं पान टाकतात, दर वेळी तेच:
"अमेरिका सोड. आपला हरफूल घे.
महूचा सुभेदार, अठ्ठ्याण्णव किलो.
बाहत्तर सालची फायनल. पडला, नवाला उठला,
आणि तिसऱ्या राउंडला
रतलामचा तो रेल्वेवाला भुईसपाट.
याला म्हणतात काळीज."
इथे निहारसुद्धा गप्प.
हरफूलचा व्हिडिओ नाही.

मी होतो तिथे.
मिलच्या टाइम-ऑफिसात नोकरी, म्हणून
घड्याळ माझ्या हाती दिलेलं.
दोन मिनिटं उशीर झाला
तर अर्ध्या दिवसाचा खाडा मांडणारा माणूस मी.
साच्यांवरचे लोक शिव्या घालत. घालणारच.

हरफूल पडला, तंबूत कुणी श्वास घेईना.
ओस्वल्ड नियमाप्रमाणे लांबच्या कोपऱ्यात गेला,
दोरावर हात टाकून उभा,
बस येईल तेव्हा येईल असा.
मी टेबलावर ठोके द्यायचे,
रेफरीने ऐकून बोटं उघडायची.
एक. दोन. तीन. चार.
पाचाला माझा हात जड झाला.
ठरवलं नव्हतं. पैसे घेतले नव्हते.
हरफूलची नजर कापडाच्या छतावर काहीतरी शोधत होती,
आणि मला इतकंच वाटलं: अजून नको.
सातला त्याने गुडघा रोवला.
नवाचा ठोका पडला तेव्हा
काटा तेरावर होता.

चार सेकंद.
मिलमध्ये मी आयुष्यात कुणाला दिले नाहीत.

त्याचं उठणं खरं होतं. तिसरा राउंडही खरा,
मारलेला ठोसा न् ठोसा त्याचाच.
मग हरफूल नेमका केवढा?
मजुरांच्या पगारातून मी पैशापैशाची वजाबाकी केली,
ही एक अजून सुटत नाही,
हातचे कुठून घ्यायचे तेच कळत नाही.

ओस्वल्ड पुढे इंजिनात कोळसा टाकत राहिला असेल.
त्याला कोणी ओव्हररेटेड म्हणत नाही.
त्यासाठी आधी कुणीतरी नाव घ्यावं लागतं.

"काका, तुम्ही तर पाहिलंय," निहार माझ्याकडे वळतो,
"खरंच एवढा भारी होता का?"
शेजवलकर माझ्याकडे बघतात,
साक्षीदार आपल्याच बाजूचा असल्यासारखे.

जिलबीचा पाक बोटांना चिकटलाय.
बोटं टेबलाच्या पत्र्यावर आपोआप ठोका देतात,
एक, दोन,
मी ती उचलून घेतो.

"ओस्वल्ड परेरा," मी म्हणतो.
"डावा हात काय होता त्याचा."

"कोण?" दोघंही विचारतात.
पोहेवाला माझी प्लेट उचलतो.