चिनी मातीवरचं मीठ

कातान्दुआनेस बेटावर
या वेळचं वादळ कोरडंच आलं.
वारा आला, लाटांचे तुषार डोंगरापर्यंत फेकत आला,
पाऊस मात्र वाटेत कुठेतरी उतरून गेला.

एलादियो म्हणाला, हे वाईट.
मी म्हटलं, छप्पर आहे, खांब उभे आहेत,
वाईट काय त्यात?
त्यानं खिडकीची काच बोटानं पुसली
आणि बोट माझ्या जिभेवर टेकवलं.

मीठ.

तारेला खांबापासून दूर धरणाऱ्या
त्या चिनी मातीच्या उपड्या वाट्या,
सगळ्यांवर हाच थर, म्हणाला.
कोरडा आहे तोवर गुपचूप बसेल.
दव पडू दे.

पहाटे सव्वातीनला टेकडीमागे निळं फुटलं.
मग गिगमोतोच्या बाजूला.
मग आमच्याच वळणावर, ओल्या लाकडासारखं तडतडत.
फ्रीजरनं एक उसासा टाकला.
आत बर्फाच्या चाळीस पिशव्या,
कुणाच्या तरी बोटीवरचा कुपा,
आणि मास्तर फोर्तुनातोंचं इन्सुलिन, डब्यावर नावाची चिठ्ठी.

डिझेलचं जहाज ताबाकोच्या बंदरात अडकलेलं.
जनरेटरचा चौथरा तीनदा उंच केला,
समुद्र दर वेळी येऊन नवं माप घेऊन जातो.

याचे वडीलही याच खांबांवर चढायचे.
तेव्हाचं वादळ मीठ आणायचं
आणि जाताना धुऊनही न्यायचं, असं सांगायचे.
आता पाणी कोमट, वादळांना महिन्यांचं भान नाही.
हे तर नाताळच्या कंदिलांखालून आलं.

सहा माणसं, दोन शिड्या, चिंध्या.
धुवायला गोडं पाणी हवं,
पाण्याला पंप हवा,
पंपाला वीज.
एलादियोचा दोन महिन्यांचा पगार थकलाय,
तरी खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस;
खांबाखाली उभा राहून आभाळाकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फ्रीजर उघडला.
एक पिशवी इन्सुलिनभोवती गुंडाळून ठेवली.
बाकीच्या, निम्म्या वितळलेल्या,
हातगाडीवर घातल्या.
विकायचा बर्फ, धड गार पण नाही राहिलेला,
गोडा मात्र होता.

रात्री तो आला तेव्हा बोटांची सालं निघालेली.
किती झाल्या?
दोनशे बारा.
आणि राहिल्या किती, ते मी विचारलं नाही.

जेवताना म्हणाला, रश्शात मीठ घालायला विसरलीस.

विसरले नव्हते.